पाळण्याला बांधलेली विजेची दोरी

दोरीतून वीज नेता येते, आणि दोरीचे वेटोळे करता येते. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या खऱ्या आहेत. दोन्ही एकत्र केल्या तर किती दिवस खऱ्या राहतात, एवढेच मला पाहायचे होते. त्यापायी सन १८९३ चा सबंध ऑगस्ट महिना, आत्याचा जुना रेशमी मुकटा, लोणच्याच्या दोन बरण्या, सतारीची एक तार आणि ठाण्यात चेंदणीच्या वाटेवर आमची जी आळी आहे तिच्यातली माझी पत, एवढ्या वस्तू खर्ची पडल्या. पत सोडून बाकीचे सारे पुन्हा मिळवता आले.

आमच्या घराला लागून, मध्ये चार हातांची बोळ सोडून, ग्रेगरीचे घर. ग्रेगरी रेल्वेत तारमास्तर. त्याची आई सबीनामाय दोन वर्षांपूर्वी अर्धांगाने अंथरुणाला खिळली. डावे अंग गेले आणि आवाज इतका बसला, की उशाशी कान नेला तरच ऐकू यावा. उजवा हात तेवढा चालतो. जूनमध्ये ती सकाळी खाटेवरून घसरून खाली पडली. सून अँजेला मागे विहिरीवर होती. चर्चची दुपारची घंटा झाल्यावर ती आत आली तेव्हा म्हातारी भिंतीकडे तोंड करून जमिनीवर पडलेली होती, आणि तोवर तशीच तीन तास पडून राहिलेली होती. ग्रेगरी त्या दिवसापासून कामावर जाताना बोळीच्या तोंडाशी थांबून दोनदा मागे वळून पाही.

एक ऑगस्टला त्याला कल्याणला बढतीवर नेमल्याचे पत्र आले. तिथे जंक्शनवरच राहायचे, घरी फक्त रविवारी. एकतीस तारखेपर्यंत होय की नाही ते कळवायचे होते.

“मी नाय म्हणून कळवतो,” तो म्हणाला. “मायला कोण बघेल? अँजेला एकटी. घंटा दिली हातात, तर ती सुटून खाटेखाली गेली.”

मी म्हणालो, “विजेची घंटा लाव. हातात नुसते एक बटण राहील. बोटाने दाबायचे.”

मी मागच्याच वर्षी बी. एस्सी. झालो. आमच्या घरात ही पदवी बी. ए. हुकलेल्यांना समजूत म्हणून देतात असा समज आहे, आणि तो दूर करण्याची संधी मी शोधत होतो हे कबूल करतो. घंटा आणि बटण मुंबईहून आणले. लोणच्याच्या बरण्यांत नवसागराचे पाणी घालून बॅटरी केली. दोन दिवस सगळे उत्तम चालले. तिसऱ्या दिवशी सबीनामायला कुशीवर वळवताना तार अंगाखाली सापडून तुटली. तार लांब ठेवली तर जमिनीवर लोळे आणि अँजेलाचा पाय अडके. आखूड ठेवली तर ताण बसे. तेव्हा मला सुचले, की तार लाटण्यावर गुंडाळून तिचे वेटोळे करावे. ओढले की लांबेल, सोडले की आपोआप आखूड होईल.

“तुटणार नाय असं तू लिहून देशील?” ग्रेगरीने विचारले.

“तपासल्याशिवाय नाही देणार.”

“मग तपास. पण एकतीसच्या आत. तू होय म्हणालास तर मी होय म्हणेन.”

एवढा विश्वास माझ्यावर तोवर कोणी टाकलेला नव्हता.

हिशेब असा होता. दिवसातून नऊ वेळा दोरीला ताण बसेल असे धरले, तर तीन वर्षांत सुमारे दहा हजार ताण होतात. म्हणजे दोरीने दहा हजार हिसके सोसले पाहिजेत. दोनशे हिसके मी स्वतः दिले आणि बोटांना फोड आले. प्रयोग करणाऱ्याचा टिकाऊपणा हा तपासणीचा विषय नव्हता, म्हणून मी दुसरा उपाय पाहू लागलो. तेव्हा माझे लक्ष ओटीवरच्या पाळण्याकडे गेले.

माझ्या थोरल्या भावाचा मुलगा गणू तेव्हा सात महिन्यांचा होता. आवडाआत्या रोज दोन वेळा, मिळून तास-सव्वा तास, त्याचा पाळणा हलवी. मी मोजून पाहिले. दिवसाला सरासरी पंधराशे झोके भरत. दोरीचे एक टोक पाळण्याला आणि दुसरे खांबाला बांधले, तर प्रत्येक झोक्याला एक ताण बसणार होता. झोका पुरता गेला की पाळण्याची कड बटणावर टेकेल आणि घंटेचा एक टोल पडेल. टोल पडला नाही, की दोरी तुटली असे समजायचे.

आत्याने सर्व ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न केला, “हे सोवळ्यात चालेल का?”

आत्याचा चातुर्मासाचा नेम होता. पाळणा हलवता हलवता ती जपमाळ ओढी. कार्तिकीपर्यंत एक लाख नामे पुरी करायची होती. वीज सोवळी की ओवळी याबद्दल माझ्या परीक्षेत काही विचारलेले नव्हते. शेजारचे महिपतराव, जे नगरपालिकेतून पेन्शन घेऊन आता आमच्या आळीचा कारभार विनावेतन पाहतात, त्यांनी निकाल दिला. “वीज म्हणजे अग्नीच. ती सोवळीच असणार. पण तिच्यावरचं सूत ओवळं. रेशीम गुंडाळा, म्हणजे प्रश्न उरत नाही.”

मला आनंद झाला. रेशमातून वीज बाहेर फुटत नाही हे शास्त्राला मान्य आहे. धर्म आणि शास्त्र इतक्या सहज एकमताला आलेले मी तेवढेच एकदा पाहिले. आत्याने सोवळ्यात नेसायचा जुना मुकटा दिला, मी त्याचे धागे काढून तारेवर गुंडाळले, आणि दहा ऑगस्टला संध्याकाळी तपासणी सुरू झाली.

तारेतून जाणारा प्रवाह कमी होतो की काय हे पाहायला एक नाजूक मापक यंत्र लागते. मी ज्या शाळेत शास्त्र शिकवतो तिथे ते आहे. ते चार वर्षे कुलपात आहे, कारण काढले तर बिघडेल. मी हेडमास्तरांकडे अर्ज केला. त्यांनी विचारले, “यंत्र कोठे ठेवणार?”

“पाळण्याजवळ.”

हेडमास्तरांनी दौत पुढे ओढली. मग त्यांनी अर्जाच्या कडेला स्वच्छ अक्षरात लिहिले, ‘पाळणा हा शालोपयोगी नसल्यामुळे परवानगी देता येत नाही.’ मी आजही तेथेच नोकरीला आहे, म्हणून शाळेचे नाव सांगत नाही. यंत्राऐवजी घंटेच्या आवाजावरच भागवावे लागले.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट घडली, ती मी वहीत नोंदवलेली नाही. येथे नोंदवतो. मी डोक्यावर पागोटे असल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नाही, आणि ओटी ही उंबऱ्याबाहेरच येते. वेटोळ्याच्या जवळ वाकून मी पाहत होतो, तेव्हा झोक्याबरोबर आखूड होणाऱ्या दोरीने पागोट्याचा पीळ पकडला. पागोटे माझ्या डोक्यावरून उचलले गेले आणि गणूच्या वर अधांतरी मागे-पुढे जाऊ लागले. आत्याला नाम मोडायचे नव्हते, म्हणून तिने पाळणा थांबवला नाही. सतरा टोल झाले. गणू जन्मल्यापासून इतका हसला नव्हता. महिपतराव बोळीतून पाहत होते आणि ते अजिबात हसले नाहीत. त्याचे मला अधिक लागले.

घंटेने गणू जागा राहील असे वहिनीचे म्हणणे होते. तसा तो पहिला दिवस जागा राहिला. दुसऱ्या दिवशी टोल ऐकत झोपला. त्याच दिवशी टोल बंद होताच जागाही झाला. आत्यालाही टोल मानवला. “टोल पडला की नाम चुकत नाही,” ती म्हणाली. एक टोल, एक मणी, एक नाम. मला आयती मोजणी मिळाली. माळेचे मणी एकशे आठ. तेवढ्यांनी गुणले की झाले.

अकरा तारखेला अकरा माळा आणि अडतीस मण्यांवर टोल थांबला. बाराशे सव्वीस. दहा हजारांच्या आठव्या हिश्शालाच दोरी मोडली होती.

मी तुटलेली दोरी घेऊन ओटीवर बसलो असताना धाकू कोळी मासळीची पाटी पोहोचवून ग्रेगरीच्या घरातून परत निघाला होता. त्याने दोरी मागितली नाही, नुसती उचलली. दोन बोटांत फिरवली.

“आत काय हाय?”

“तांब्याची तार. चांगली जाड घेतली आहे.”

“एकच?”

“एकच.”

“म्हंजे तुमी दोर नाय केला, मास्तर. काडी केलीत. काडी वाकवून वाकवून मोडतेच. आमच्या होडीच्या नांगराचा दोर कवा बघितला का? पोटात शंभर धागे असतात. एकाला दुखला तर बाकीचे धरतात. आन पीळ ज्या अंगाला, येटोलाबी त्याच अंगाला घालायचा. तुमी उलटा घातलाय. तो जलमभर सुटायला बघनार.”

“हे तुला कोणी शिकवले?”

“खाडीनं,” धाकू म्हणाला, आणि पाटी डोक्यावर ठेवून गेला.

मी घरात जाऊन पुस्तक उघडले. तारेच्या वाकण्याविषयी त्यात अडीच पाने होती, आणि धाकूच्या म्हणण्याला विरोध करील असे एकही वाक्य नव्हते. दुसरी दोरी मी सोळा तारखेला पुरी केली. केसासारख्या बारीक तारा एकत्र पिळल्या, पुन्हा आकसायची ताकद यावी म्हणून मधून सतारीची पोलादी तार घातली, वर मुकट्याचे रेशीम आणि त्यावर लाखेचा हात. पीळ आणि वेटोळे एकाच अंगाचे. धाकूला दाखवायला मुद्दाम बोलावले नाही. तो आपणहून आला, त्याने एकदा ओढून सोडली आणि म्हणाला, “आता दोर झाला.” पदवीदानाच्या दिवशी माझ्याविषयी याहून जास्त शब्द बोलले गेले होते, पण ते इंग्रजीत होते आणि सगळ्यांसाठी सारखेच होते.

अठरा तारखेला, चार हजारांच्या सुमारास, घंटा क्षीण होत होत गप्प झाली. दोरी आतून गेली असे मी जाहीर केले, कात्री आणली आणि टोकाची तीन वेटोळी कापून उकलली. एकूण एक तार शाबूत होती. मग ध्यानात आले, की बरणीतली बॅटरी दमली आहे. या जातीच्या बॅटरीला अधूनमधून विश्रांती लागते, हे मी विद्यार्थ्यांना त्याच आठवड्यात शिकवले होते.

आत्या म्हणाली, “न मोडलेली वस्तू मोडून पाहणे, हे बी. ए. वाल्यांना शिकवतात की नुसते तुम्हालाच?”

दोरी कापलेली असल्यामुळे मी मोजणी पुन्हा शून्यापासून धरली. आत्याने धरली नाही. नाम घेतलेले परत होत नाही, असे ती म्हणाली. तेव्हापासून आमच्या ओटीवर एकाच दोरीचे दोन हिशेब चालू झाले. खारी हवा लागून दोरीच्या टोकांना हिरवट डाग येत होते, ते मी रोज पुसत होतो. पंचवीस तारखेला दुपारी माझे दहा हजार पुरे झाले. दोरी ताठ होती, टोल खणखणीत होता. मी वहीत रेघ मारली, तारीख घातली आणि दोरी सोडायला हात लावला.

“काय करतोस?” आत्याने विचारले.

“दोरी सोडतो. ग्रेगरीकडे द्यायची आहे.”

“माझा लाख कुठे झालाय? पंधरा हजार झालेत. मधे मोडता घालू नकोस.”

तिच्या वेगाने दिवाळी उजाडली असती. मी तिला समजावले, की नामाला दोरी लागत नाही. ती म्हणाली, तुझ्या तपासणीला पाळणा तरी कुठे लागत होता. मी सव्वीसला बोललो, सत्तावीसला बोललो. अठ्ठावीसला महिपतरावांना मध्ये घातले. ते आत्याच्या बाजूने बोलून, चहा घेऊन गेले. दरम्यान मी गणू झोपलेला पाहून दोरी हळूच सोडून पाहिली. तो जागा झाला आणि त्याने सगळ्या आळीला ते कळवले.

तिसरी दोरी करायला तार उरली नव्हती. आणि उरली असती तरी ती तपासलेली दोरी झाली नसती. ग्रेगरीला मी न तपासलेल्या दोरीवर होय म्हणून कसे लिहून देणार?

एकोणतीस तारखेला अँजेला ओटीखाली येऊन उभी राहिली. तिच्या हातात ओला कपडा तसाच होता. “गोपीनाथभाऊ, तुमची दोरी तिथंच ऱ्हाऊ दे,” ती मला म्हणाली. “त्यांनी नाय म्हणून पत्र लिवलंय. उद्या टाकतील. मायला सांगितलं नाय. तिला वाटेल तिच्यामुळं झालं.”

ती गेली. आत्याने आणखी चार झोके दिले. मग माळ पिशवीत घातली, पाळण्याची दोरी वहिनीच्या हातात दिली आणि ओटी उतरली. तीस वर्षे त्या दोन घरांमध्ये चार हातांची बोळ होती आणि आत्याने ती कधी ओलांडलेली नव्हती. मी मागून गेलो. ती आत शिरली नाही. सबीनामायच्या खाटेला लागून खिडकी आहे, तिच्यापाशी बाहेर उभी राहिली.

सबीनामायच्या उजव्या हातात तिची जपमाळ होती. एकेका मण्याला ‘नमो मारिया’ ही प्रार्थना ती ओठांत म्हणत होती. अंगठ्याखालून एक मणी सुटला, आणि ती पुन्हा सुरुवातीच्या क्रुसापाशी गेली.

“चुकतं?” आत्याने खिडकीतून विचारले.

सबीनामायने डोळे वळवले. आत्याला गजांवर कान टेकवावा लागला. “रोज चुकतं, बाय,” ती म्हणाली. “मग परत धरायचं. मला दुसरं काय काम हाय?”

मग आत्या परत आली आणि तिने पाळण्यावरची दोरी स्वतःच्या हातांनी सोडली. गाठ मी मारली होती, त्यामुळे तिला वेळ लागला.

“माळ आहे ना माझ्याजवळ,” ती म्हणाली. “चुकली तर परत धरीन.”

मी त्याच पावली ग्रेगरीकडे गेलो आणि लिहून दिले. ‘दहा हजार ताण तपासले. दोरी टिकेल.’ खाली सही केली. त्याने आपले पत्र फाडले आणि दुसरे लिहिले.

घंटा आमच्या ओटीवर लावायची ठरली, कारण तेथे दिवसभर कोणी ना कोणी असते. म्हणजे तार बोळीवरून न्यावी लागणार होती. महिपतरावांनी हरकत घेतली. बोळ सार्वजनिक आहे. सार्वजनिक जागेवरून बातमी नेणारी तार ही सरकारी बाब आहे, तिला वरून परवानगी लागते. किती वरून, तर ते त्यांनी बोट करून दाखवले. मात्र कपडे वाळत घालायची दोरी असेल तर परवानगी लागत नाही. तेव्हापासून त्या तारेवर गणूचा एक लंगोट कायम वाळत असतो. पावसातही असतो. महिपतराव येता जाता तो आहे की नाही पाहतात.

गणू तीन दिवस रडला. चौथ्या दिवशी आत्याने दर झोक्याला तांब्यावर पळी वाजवायला सुरुवात केली, आणि तो झोपला.

एक सप्टेंबरला ग्रेगरी कल्याणला गेला. बोळीच्या तोंडाशी थांबून त्याने दोनदा मागे पाहिले. दोन तारखेला दुपारी ओटीवरची घंटा वाजली.

मी आत पुस्तक वाचत होतो. उठलो, खुंटीवरचे पागोटे घेतले, नीट बसवले आणि गेलो. तोवर अँजेला विहिरीवरून धावत आलेली होती, आणि आत्या खिडकीपाशी धापा टाकत उभी होती. सबीनामाय खाटेवर सुखरूप होती. बटण तिच्या अंगठ्याखाली होते, आणि त्याच हातात जपमाळ.

“काय झाले?” मी विचारले.

मी कान जवळ नेला. “काय नाय झालं,” ती म्हणाली. “तू दोरी धा हजार येळा ओढून बघितलीस ना? ती टिकंल. मी मानसं ओढून बघितली.” जरा दम घेऊन तिने माळ उचलून दाखवली. “अँजेला दोन नमो मारियांत आली. तुझी आत्या तीन. तू सात.”

मी म्हणालो, “पागोटे घालत होतो.”

“ते कळलं,” सबीनामाय म्हणाली.

माझी बाजू मांडण्यासारखी होती. नमो मारिया हे काळाचे माप किती भरवशाचे आहे, असे मी विचारू शकलो असतो. घरी येऊन घड्याळ लावून पाहिले, तर ते एका वेळी अकरा सेकंद भरते आणि फारसे कमी-जास्त होत नाही. म्हणजे मला सत्याहत्तर सेकंद लागले होते. जूनमध्ये ती तीन तास पडून होती हे आठवले, आणि सत्याहत्तर सेकंद थोडे आहेत असे काही मला म्हणता येईना. वहीत नवे पान काढून तीन रकाने आखले.

पुढची तपासणी पाच तारखेला झाली. मी पागोट्यासह पाच. मग नऊ तारखेला, पुन्हा पाच. ती वेळ सांगत नसे, आणि तपासणी अशीच करायची असते हे मला मान्य होते. अँजेलाचे दोन कधी बदलले नाहीत. आत्या एकदा दोनावर आली आणि त्या दिवशी तिने मला ते दोनदा सांगितले.

चौदा तारखेला सकाळी घंटा वाजली, आणि एका टोलावर थांबली नाही. वाजतच राहिली. मी घरात होतो. बोळ ओलांडली आणि आत गेलो. सबीनामाय खाटेच्या कडेवरून निम्मी खाली आली होती. दोरी पुरती ताणली गेली होती, माझ्या तपासणीत कधी नव्हती इतकी, आणि तिच्या टोकाला तो अंगठा बटणावर घट्ट दाबलेला होता. मी तिचा खांदा धरला. तेवढ्यात अँजेला आली, तिने कंबर धरली, आणि आम्ही तिला वर घेतले. अंगठा सुटला. दोरी सरसर आकसून आपल्या जागी गेली. ओटीवर घंटा थांबली, आणि खिडकीत आत्याचा चेहरा आला.

सबीनामायचा श्वास लागला होता. तो जरा बसला. मग तिचा हात हळूहळू वर आला आणि माझ्या डोक्यावर टेकला. डोके उघडे होते, हे मला तेव्हा कळले.

मी कान तिच्याजवळ नेला. “किती झाले, माय?” मी विचारले.

तिची माळ खाटेखाली पडली होती.

“मोजलं नाय,” ती म्हणाली.

वहीतला तो रकाना मी रिकामा ठेवला आहे.